होडीवरची सुरक्षा शिकवायला उभं राहताना : नव्या स्वयंसेवकांसाठी

25 मे झाला की आमच्याकडे किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, ते 1 सप्टेंबरपर्यंत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, माणसं पडवीत जाळी सांधत बसलेली असतात आणि शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. आमच्या वर्गांचा हंगाम हाच. दरवर्षी जूनमध्ये दोन-तीन नवे स्वयंसेवक येतात. कोणी उत्तम पोहणारा असतो, कोणी आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला, कोणी निवृत्त शिक्षक. पाण्याचं त्यांना कळत असतं, पण समोर चाळीस माणसं बसली की नेमकं काय करायचं हे ठाऊक नसतं. त्यांना दरवर्षी तोंडी सांगते ते या वेळी लिहून काढलं आहे.

अकरा वर्षं वर्ग घेऊन माझी एका गोष्टीबद्दल खात्री झाली आहे. घाबरलेल्या माणसाचे हात तेच करतात जे त्यांनी आधी केलेलं असतं. तेव्हा वर्गात आपलं तोंड कमी आणि त्यांचे हात जास्त चालले पाहिजेत. पुढचं सगळं याच्याच आधारावर आहे.

आदल्या दिवशी जागा बघून या

वर्ग कुठे आहे, छप्पर कसलं आहे, पाण्याचा नळ कुठे आहे, मोकळी जागा किती आहे, हे डोळ्यांनी बघा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली सर आली की तुमचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. घसा ताणून उपयोग होत नाही. अशा वेळी पुढचं हाताचं काम लगेच हातात द्यायचं आणि सर ओसरली की बोलायचं. म्हणून हाताचं एक काम कायम तयार ठेवा.

समोर कोण बसणार आहे तेही आधी विचारा. सातवीची मुलं, प्रवासी होडीवरचे खलाशी, मासेमारीला जाणारे तांडेल (होडीचे प्रमुख) आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वतः वल्ही मारत कांदळवनाची सफर घडवणाऱ्या बचत गटाच्या महिला, या सगळ्यांना एकच वर्ग चालत नाही. मुलं प्रवासी म्हणून बसणार आहेत. खलाशाला दुसऱ्याला जॅकेट घालायला लावायचं आहे. सफर चालवणाऱ्या ताईंना पाहुण्यांशी गोड बोलून, पण ठामपणे, "उभं राहू नका" म्हणता आलं पाहिजे. ते वाक्य त्यांच्याकडून वर्गातच चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्या. पहिल्यांदा त्या संकोचतात, चौथ्या वेळी आवाज बदललेला असतो.

आणि एक काम विसरू नका. ही माणसं प्रत्यक्षात जी लाईफ जॅकेटं वापरतात ती मागवून बघा. एका शाळेत, सहल दोन दिवसांवर असताना, कपाटातून बावीस जॅकेटं निघाली. नऊंची बकलं तुटलेली, दोन उंदरांनी कुरतडलेली, आणि सगळी मोठ्या माणसांच्या मापाची. मुलं पाचवीची होती. आपण कोरं जॅकेट घेऊन छान वर्ग घेतला असता आणि मुलं ती जॅकेटं घालून पाण्यावर गेली असती. तो प्रसंग आठवला की आजही मला अस्वस्थ वाटतं.

एका वर्गाला एकच काम

नव्या स्वयंसेवकाच्या वहीत मला बहुधा असं लिहिलेलं दिसतं : "लाईफ जॅकेट, भरती-ओहोटी, वारा, प्रथमोपचार, कायदे, रेडिओ." एका तासात हे सगळं सांगून होतं, पण शिकवून होत नाही. वहीत एकच वाक्य लिहा आणि ते वर्गातल्या माणसाबद्दल असू द्या. उदाहरणार्थ : "जाताना प्रत्येक जण एका मिनिटात जॅकेट नीट घालून दाखवेल आणि जोडीदाराचं तपासेल." हे झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं. "मुलांना सुरक्षेची जाणीव होईल" हे कशाने मोजणार?

शाळेतल्या पंचेचाळीस मिनिटांचा माझा हिशोब साधारण असा असतो. पाच मिनिटं प्रश्न, वीस मिनिटं जॅकेट, दहा मिनिटं टबातली होडी आणि उरलेली दहा तपासणीला. दोराचा सराव वेगळ्या दिवशी, पटांगणात.

पिशवीत दोन-तीन मापांची जॅकेटं, एक मोठा प्लॅस्टिकचा टब, खाली भोक नसलेली साबणाची डबी, मूठभर गोट्या, चार पेन्सिल सेल, झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, पंधरा मीटर दोर, खडू आणि फरशी पुसायला फडका. फडका खरंच न्या. ओल्या फरशीवर मूल घसरलं तर सुरक्षेचा वर्ग तिथेच संपतो.

सुरुवात प्रश्नाने करा

स्वतःची ओळख दोन वाक्यांत संपवा. लगेच विचारा : "शेवटचं होडीत कधी बसलात? जॅकेट घातलं होतंत का? नसेल, तर का नाही?" मिळतील ती कारणं फळ्यावर जशीच्या तशी लिहा. उकडतं. घामाचा वास येतो. आधीच्याने घातलेलं ओलं असतं. फोटो चांगला येत नाही. मला पोहता येतं. दहाच मिनिटांचा तर प्रवास आहे. एकाही कारणाला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. आपलं म्हणणं फळ्यावर गेलं की माणूस ऐकायच्या तयारीत येतो. शेवटी परत याच फळ्याकडे यायचं आहे.

समोर मच्छीमार असतील तर सुरुवात आणखी वेगळी. तुम्ही त्यांच्यापेक्षा दर्या कमी बघितलेला असतो आणि हे त्यांना पहिल्या मिनिटात कळतं. मी त्यांना भरतीची वेळ विचारते. जुना माणूस लगेच सांगतो, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. मग मी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक काढते आणि आजची वेळ दोन्हींतून ताडून बघायला त्यांनाच सांगते. थोडाफार फरक निघतो, त्यावर वाद होतो, तरुण पोरं मोबाईल काढतात. पंधरा मिनिटं जातात, पण वर्ग त्यांचा झालेला असतो. यात नाटक मात्र करू नका. त्यांच्याकडून खरंच शिकायचं असेल तरच विचारा, उगाच विचारलेला प्रश्न ओळखू येतो.

जॅकेट : चार फेऱ्या

घाई करायची नाही असा भाग हाच. चार फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत एक अक्षर न बोलता जॅकेट घाला. सगळं सावकाश. वर्ग आपोआप गप्प होतो, कारण ऐकायला काही नसतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक हालचाल सांगत घाला : आधी सगळे पट्टे सैल, मग हात, मग समोरची चेन किंवा बकलं खालून वर, मग पट्टे आवळायचे, शेवटी पायांमधला पट्टा. तिसऱ्या फेरीत वर्गाने सांगायचं आणि तुम्ही करायचं. चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करा. "बकल लावा" म्हणाले आणि पट्टे सैल करायला सांगायचे राहिले, तर अडकून दाखवा. मुलं उड्या मारून दुरुस्त करतात, आणि ती दुरुस्ती त्यांच्या डोक्यात राहते. चौथी फेरी त्यांची.

ती चालू असताना तुम्ही फळ्यापाशी थांबू नका, बाकांमधून फिरा. तपासणी दोन हातांची. जोडीदाराने समोर उभं राहून खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर उचलायचं. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही तेच होणार : जॅकेट वर, माणूस खाली. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालून हे एकदा सगळ्यांसमोर दाखवा. पट्टे कितीही आवळले तरी ते अलगद डोक्यातून निघून येतं. एका आईने हे बघितलं आणि मुलाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

आतली चिठ्ठी वाचायला लावा. किती किलो वजनाच्या माणसासाठी आहे ते तिथे छापलेलं असतं. तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये दिलेली असते. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला आणि किनाऱ्याजवळ आधार म्हणून चालतं, पण ते शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणं करेलच असं नाही. 100 आणि त्यावरची जॅकेटं तोंड पाण्याबाहेर ठेवायला बनवलेली असतात, खुल्या समुद्रासाठी 150 चा आकडा लक्षात ठेवा. मुलांना हे आकडे पाठ करायला लावू नका. खलाशांना मात्र सांगाच, खरेदी करताना मालकाशी बोलायला त्यांना उपयोगी पडतं.

वेळ उरला तर डोळे मिटून घालायला सांगा. रात्री होडीतला दिवा गेला की असंच घालावं लागतं.

आता तांडेलांच्या आक्षेपाकडे येऊ. तो दर वर्गात येतो. सत्तरीचे एक काका पहिल्याच वर्षी मला म्हणाले होते, "बाय, ह्यां अंगात घालून जाळां ओढूचां कसां, तां सांग आधी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुगीर नारिंगी जॅकेट जाळ्यात अडकतं, वाकता येत नाही, हे खरंच आहे. मी म्हटलं, "काकानू, तुमीच सांगा, खंय घालूक जमात?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनीच सांगितलं : खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथून बाहेर पडताना, रात्री एकटा माणूस जागा असताना, वारा फिरला की, आणि होडीच्या कडेला बसून लघवीला जाताना. शेवटचं कारण मला कधीच सुचलं नसतं. तेव्हापासून मच्छीमारांच्या वर्गात मी "कायम घाला" या वाक्याने सुरुवात करत नाही. ते चार प्रसंग काकांच्या शब्दांत सांगते, आणि पाचवा त्यांना विचारते. अंगासरशी बसणारी पातळ जॅकेटं मिळतात, तीही दाखवते.

टबातली होडी

होडी का उलटते हे भाषणाने पटत नाही. टबात अर्ध्यापर्यंत पाणी भरा. साबणाच्या डबीत दहा-बारा गोट्या ठेवा आणि ती अलगद सोडा. तरंगते. आता एखाद्या मुलाला डबीची एक कड बोटाच्या टोकाने किंचित दाबायला सांगा. सगळ्या गोट्या एकदम त्या बाजूला घरंगळतात, कड पाण्याखाली जाते आणि डबी बुडते. एकच गोटी सरकली असती तर काही झालं नसतं. एक सरकली म्हणून बाकीच्या सरकतात, हेच समजायला हवं. गोट्यांऐवजी चिंचोके घेऊ नका, ते घरंगळत नाहीत.

मग सेल. आधी चारही आडवे ठेवा, ही बसलेली माणसं. डबी हलवली तरी सावरते. मग तेच चार उभे करा, ही उभी राहिलेली माणसं. वजन तेवढंच आहे, पण जरा धक्का लागला की कलंडतात. डबीच्या आकाराप्रमाणे गोट्या आणि सेल कमी-जास्त करावे लागतात, म्हणून घरी आधी करून बघा. वर्गात प्रयोग फसला तर मुलं "होडी उभं राहिलं तरी बुडत नाही" हे शिकून जातील.

तिसरा प्रयोग चहाच्या ट्रेचा. ट्रेमध्ये बोटभर पाणी घेऊन तो सरळ धरून चालायला सांगा. जरा कलला की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि ट्रे आणखी कलतो. होडीच्या तळाशी साठलेलं पाणी उपसून का टाकायचं, हे त्या पोराच्या मनगटाला कळतं.

कॅनचा प्रयोग सगळ्यांत शेवटी. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन टबात किंवा पाण्याच्या पिंपात पूर्ण दाबायला सांगा. दोन्ही हातांनीही जड जातो. तेवढाच जोर, साधारण पाच किलोचा, तो कॅन पाण्यात पडलेल्या माणसाला वर उचलायला लावतो. तोंड पाण्याबाहेर ठेवायला बहुतेकांना तेवढा आधार पुरतो. होडीत रिकामे कॅन असतातच.

अपघातांबद्दल बोलताना

खरे प्रसंग सांगावेच लागतात, त्याशिवाय विषयाचं वजन कळत नाही. पण कसे सांगता याला महत्त्व आहे. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. शिक्षकांच्या वर्गात मी हाच प्रसंग सांगते, कारण "जॅकेट दाखवा, मग मुलं चढतील" असं म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे. 30 सप्टेंबर 2009 ला केरळात थेक्कडीच्या जलाशयात बोट उलटून 45 पर्यटक बुडाले. किनाऱ्यावरचे प्राणी बघायला प्रवासी एका बाजूला धावले, असं वाचलेल्यांनी सांगितलं होतं. हे गोट्यांच्या प्रयोगानंतर लगेच सांगा, आधी नको. आणि 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 जीव गेले. त्यात प्रवाशांची काही चूक नव्हती. "आमचा तांडेल पक्का आहे, आम्हाला काय होतंय" म्हणणाऱ्यांना हे उदाहरण मी देते : दुसऱ्याच्या चुकीच्या वेळीही जॅकेट आपल्याच अंगात असावं लागतं.

सांगण्यापूर्वी एक चौकशी न चुकता करा. समोरच्यांपैकी कोणाच्या घरचं माणूस पाण्यात गेलं आहे का? किनाऱ्यावरच्या गावात असं घर असतंच. एका वर्गात मी न विचारता बोलत सुटले आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून बाहेर गेली. तिच्या मामाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता मी आधी शिक्षकांना किंवा सरपंचांना विचारते, आणि त्या गावातला प्रसंग त्या गावात सांगत नाही. मृतदेहांची छायाचित्रं, रडणाऱ्या नातेवाइकांचे व्हिडिओ कधीही दाखवू नका. भेदरलेलं मूल शिकत नाही, ते होडीत बसायचंच टाळतं किंवा सगळं विसरायचा प्रयत्न करतं.

दोर फेकण्याचा सराव

पटांगणात आठ-दहा मीटरवर खडूने गोल काढा आणि त्यात एकाला बसवा. फेकणाऱ्याने आधी त्याला नावाने हाक मारायची, मग दोर त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे तो अंगावर पडतो. पुढ्यात पडलेला दोर बुडणाऱ्याच्या हाती लागत नाही. दोराच्या टोकाला कॅन बांधलात तर त्यात मूठभर पाणी घाला, नुसता कॅन वाऱ्याने भरकटतो. दुसरं टोक सुटू द्यायचं नाही. पहिल्या फेकीत बहुतेकांचा नेम चुकतो, म्हणून प्रत्येकाला किमान तीन संधी द्या.

इथे एक गोष्ट सावकाश, दोनदा सांगा. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्यावर-खाली होत असतं, श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, हात वर करून हलवता येत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, खेळतोय. म्हणून गप्प झालेल्या माणसाकडे आधी बघायचं. आणि उडी मारण्याआधी काठी, दोर, कॅन, जे हाताशी असेल ते. पट्टीचे पोहणारेही दुसऱ्याला वाचवताना मिठी बसून गेलेले आहेत.

पडदा आणि स्लाइड

वीज जाते हे धरून चाला. स्लाइड असल्याच तर पाच-सहा, त्यावर चित्रं, आणि प्रत्येकीवर फार तर एक ओळ. स्लाइड वाचून दाखवू नका. फोन नंबर मात्र मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि पुसू नका : तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. ज्यांच्या होडीवर व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावर बोलायचा बिनतारी संच) आहे त्यांच्यासाठी चॅनेल 16, संकटात हाक द्यायचा. संदेशाचा सराव माचिसची पेटी तोंडाशी धरूनही होतो : "मेडे" हा संकटात असल्याचा इशारा तीनदा, होडीचं नाव तीनदा, मग आपण कुठे आहोत, काय झालंय, किती माणसं आहेत. खलाशी सुरुवातीला लाजतात, एकाने केलं की बाकीचे करतात. "कुठे आहोत" इथे सगळे अडखळतात, तिथे जास्त वेळ द्या.

प्रश्नांना उत्तरं देताना

येत नसेल तर "विचारून सांगते" म्हणा, वहीत प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव लिहा, आणि खरोखर कळवा. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला "नाही" म्हणून बसवू नका, "करून बघू या" म्हणा आणि टबाजवळ बोलवा. मागच्या बाकावर बसून सतत टोमणे मारणारा एखादा असतो. त्याला दोर धरायला पुढे बोलवा. बहुधा तो उत्तम फेकतो.

शेवटची दहा मिनिटं फळ्यावरच्या कारणांची. एकेक कारण वाचा आणि वर्गालाच विचारा, आता याला काय म्हणाल? ओलं असतं, तर खलाशाने दोन फेऱ्यांच्या मध्ये दोरीवर वाळत टाकायचं, हे मुलांनीच एकदा सुचवलं होतं. आम्ही ते जेट्टीवर सांगितलं. मग जॅकेट घालून एकेकाला दारातून सोडा. खांदे उचलून बघा, सैल असेल तर परत रांगेत.

सप्टेंबरात होड्या सुरू झाल्या की एका रविवारी जेट्टीवर तासभर उभे राहा. कोणाला काही शिकवू नका, फक्त बघा आणि वहीत खुणा करा. गेल्या सप्टेंबरात आमच्या वर्गाला आलेल्या खलाशांच्या होड्यांत प्रवाशांनी जॅकेटं घातली होती, समोरची बकलंही लावली होती. पायांमधला पट्टा मात्र बत्तीस जणांत फक्त चौघांनी लावलेला दिसला, बाकीच्यांचा मागे लोंबत होता. यंदाच्या जूनमध्ये चारही फेऱ्या आम्ही त्या पट्ट्यापासूनच सुरू केल्या.